तारीख कुठे अडते? कौटुंबिक न्यायालयातला वेळ आणि मध्यस्थीचा खरा उपयोग

घटस्फोटाच्या अर्जाचे समन्स समोरच्याला मिळाल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवण्याचा प्रयत्न व्हावा, असे हिंदू विवाह कायद्याचे कलम २१ब सांगते. अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत निकाली निघावा, असे त्याच कायद्याचे कलम २४ सांगते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत आणि अर्जाचा निकाल पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत, अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात लढवलेला दावा वर्षानुवर्षे चालतो, आणि त्या काळात कुणाचे घरभाडे थकते, कुणाचे मूल आईला किंवा बापाला विसरू लागते.

याचे एक कारण या कलमांच्या शब्दांतच आहे. ‘शक्य तोवर’, ‘प्रयत्न करावा’ अशी त्यांची भाषा आहे. मुदत उलटली म्हणून अर्ज आपोआप मंजूर होत नाही. त्यामुळे न्यायाधीशांसमोर नुसते कलम वाचून दाखवण्यापेक्षा आपली फाइल कुठल्या पायरीवर थांबली आहे हे ओळखणे जास्त कामाचे. प्रत्येक पायरीवरची अडचण वेगळी आणि तिच्यावरचा अर्जही वेगळा. मध्यस्थी या पायऱ्यांपैकीच एक आहे. तयारीने गेलात तर पुढच्या बऱ्याच पायऱ्या ती वाचवते. रिकाम्या हाताने गेलात तर दोन-तीन महिने जातात आणि फाइल होती तिथेच परत येते.

समन्स

पहिले काही महिने बहुतेक वेळा इथेच जातात. पाकीट ‘घर बंद’, ‘पत्त्यावर राहत नाही’ असे शेरे घेऊन परत येते आणि तारीख पुढे जाते. अर्जात एकच पत्ता दिलेला असतो, तोही लग्नाच्या वेळचा. अर्ज दाखल करतानाच सध्याचा पत्ता, मूळ गावचा पत्ता आणि नोकरीच्या ठिकाणचा पत्ता असे तिन्ही द्या. समन्सची फी भरली आहे का, पाकिटे आणि अर्जाच्या प्रती कार्यालयात दिल्या आहेत का, हे वकिलांना विचारा. ‘पक्षकाराने पूर्तता केली नाही’ या एका शेऱ्यावर पुढची तारीख पडते, आणि हे पूर्णपणे टाळता येण्याजोगे आहे.

समोरच्याने पाकीट घ्यायला नकार दिला, तर तो शेरा तुमच्या बाजूचा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५ नुसार घेण्यास नकार म्हणजे समन्स बजावले गेले असे न्यायालयाला धरता येते. नकाराचा शेरा बेलिफाच्या (समन्स पोहोचवणाऱ्या न्यायालयीन कर्मचाऱ्याच्या) किंवा टपालाच्या अहवालात नीट लिहिलेला आहे का, ते पाहा. माणूस मुद्दाम चुकवत असेल तर त्याच आदेशाच्या नियम २० खाली दारावर समन्स चिकटवण्याची किंवा वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देण्याची परवानगी मागता येते. स्वतः नेऊन बजावण्याची, म्हणजे हमदस्त, परवानगी मिळाली तर वेळ वाचतो. ईमेलने किंवा व्हॉट्सअॅपने पाठवायचे असेल तर आधी न्यायालयाची परवानगी घ्या. परवानगीशिवाय पाठवलेल्या संदेशावर बजावणी झाली असे सहसा मानले जात नाही.

समन्स बजावूनही समोरचा आला नाही, की एकतर्फी निकाल घेऊन टाकावा असा मोह होतो. इथे सावध राहा. समन्स नीट बजावले गेले नसेल, तर समोरचा नंतर येऊन आदेश ९ नियम १३ खाली तो निकाल रद्द करून घेऊ शकतो, आणि दावा पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. मध्यंतरी कुणी दुसरे लग्न केले असेल तर गुंता फार वाईट होतो. बजावणीचा पक्का पुरावा हाती येईपर्यंत एखादी तारीख जास्त गेली तरी चालेल.

समुपदेशक आणि मध्यस्थ

दोन्ही बाजू हजर झाल्या की १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचे कलम ९ लागू होते. आधी तडजोडीचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे. (याच कायद्याच्या कलम १३ मुळे इथे वकील देणे हा आपोआप मिळणारा हक्क नाही. व्यवहारात वकिलासाठी परवानगीचा अर्ज दिला जातो आणि तो बहुधा मंजूर होतो.) यानंतर ‘समुपदेशकाकडे पाठवले’ किंवा ‘मध्यस्थीसाठी पाठवले’ अशी नोंद रोजनाम्यात (दाव्यात प्रत्येक तारखेला काय झाले त्याच्या न्यायालयीन नोंदीत) येते. पक्षकार हे दोन्ही एकच समजतात. तसे नाही.

विवाह समुपदेशक न्यायालयाच्याच यंत्रणेचा भाग असतात. दोघांशी बोलून नाते पुन्हा जुळण्यासारखे आहे का ते ते पाहतात, आणि मुलांच्या भेटीचे प्रश्नही बरेचदा त्यांच्यासमोर येतात. मध्यस्थ हा बाहेरचा, प्रशिक्षण घेतलेला तटस्थ माणूस असतो, बहुतेकदा वकील किंवा निवृत्त न्यायाधीश. न्यायालयाशी जोडलेल्या मध्यस्थी केंद्रात काम करण्यासाठी ४० तासांचे प्रशिक्षण लागते. न्यायालयाने पाठवलेल्या प्रकरणात त्याची फी पक्षकारांकडून घेतली जात नाही. तो निकाल देत नाही, कोण खरे कोण खोटे हे ठरवत नाही. दोघांना एकत्र आणि वेगवेगळे भेटून त्यांना स्वतःला पटेल असा तोडगा निघतो का, एवढेच पाहतो.

मध्यस्थी म्हणजे समजूत घालून परत नांदायला पाठवणे, हा समज अनेक स्त्रियांना तिथे जाण्यापासून अडवतो. तो चुकीचा आहे. वेगळे होण्याच्या अटी ठरवण्यासाठीही मध्यस्थीच वापरतात. ‘मला परत जायचे नाही, पोटगी, स्त्रीधन आणि मुलाच्या शाळेबद्दल बोलायचे आहे’ असे पहिल्याच बैठकीत सांगायला पूर्ण मोकळीक आहे. सही करण्याची सक्ती कुणालाही नाही. मारहाणीचा इतिहास असेल तर मध्यस्थाला आधी कळवा, वेगळ्या खोलीत आणि येण्या-जाण्याची वेळ वेगळी ठेवून बैठक मागा. समोर बसून बोलायचीच भीती वाटत असेल तर तसे सांगून मध्यस्थीला नाही म्हणा. भीतीपोटी झालेली तडजोड टिकत नाही, आणि ती कुणाकडून करून घेऊही नये.

गोपनीयता हा मध्यस्थीचा कणा आहे. २०१० मध्ये मोतीराम विरुद्ध अशोककुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की तडजोड झाली तर मध्यस्थाने फक्त सह्यांचा करारनामा न्यायालयाला पाठवायचा, आणि झाली नाही तर ‘मध्यस्थी यशस्वी झाली नाही’ एवढेच एक वाक्य. कोण काय बोलले, कुणी किती रक्कम देऊ केली, हे न्यायाधीशांना कळवायचे नाही. म्हणूनच तिथे आकडा बोलायला घाबरू नका. मध्यस्थीत १५ लाख देण्याची तयारी दाखवली, म्हणून पुढे खटल्यात तेवढे देणे लागत नाही. त्याच कारणाने बैठकीचे फोनवर रेकॉर्डिंग करू नका आणि तिथले बोलणे नंतरच्या शपथपत्रात घालू नका.

मध्यस्थीमुळे उशीर होतो तो कसा

मुख्य न्यायालय दोन-तीन महिन्यांनंतरची तारीख देते. मध्यस्थी केंद्रात पहिल्या दिवशी एक बाजू येत नाही, दुसऱ्या दिवशी दुसरी. तिसऱ्यांदा दोघे येतात, पण पगाराचा कागद कुणाकडेच नसतो. मग ‘अजून बोलणी चालू आहेत’ म्हणून मुदतवाढ. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात पहिल्या हजेरीपासून १२० दिवस आणि दोघांच्या संमतीने आणखी ६० दिवस अशी मर्यादा लिहिली आहे. पण ९ ऑक्टोबर २०२३ पासून या कायद्याची मोजकीच कलमे लागू झाली. म्हणून तुमच्या फाइलमधल्या संदर्भ-आदेशात, म्हणजे मध्यस्थीकडे पाठवण्याच्या आदेशात, कोणती मुदत घातली आहे ते वाचा. मुदत लिहिलेली नसेल तर आदेश होतानाच ती घालून मागा.

याहून मोठी चूक म्हणजे मध्यस्थी चालू आहे म्हणून अंतरिम अर्ज थांबवून ठेवणे. कायद्याने तसे कुठेही बंधन नाही. पोटगीचा आणि मुलाच्या भेटीचा अर्ज समांतर चालू ठेवावा, समोरच्याला त्यावर ‘से’, म्हणजे लेखी म्हणणे, देण्यासाठी निश्चित तारीख द्यावी, अशी विनंती त्याच दिवशी करा आणि ती रोजनाम्यात येते आहे ना ते पाहा. समोरचा खरोखर तडजोडीच्या मनाने आला असेल, तर ‘कुणाच्याही हक्कांना बाधा न येता’ दरमहा ठरावीक रक्कम द्यायला तो बहुधा तयार होतो. तेवढीही तयारी नसेल, तर मध्यस्थीत किती तारखा घालवायच्या याचा अंदाज तुम्हाला पहिल्याच बैठकीत येईल.

पोटगीचे शपथपत्र

अंतरिम पोटगी रखडते ती बहुतेक उत्पन्नाच्या वादावर. एक म्हणतो लाखात पगार आहे, दुसरा म्हणतो नोकरी सुटली. हा खेळ थांबवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या निकालात दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र बंधनकारक केले. त्याचा ठरलेला नमुना आहे, शेतीवर अवलंबून असलेल्यांसाठी वेगळा. उत्तर देणाऱ्याने ते चार आठवड्यांत द्यायचे. त्यासाठी दोनपेक्षा जास्त संधी देऊ नयेत, आणि मुद्दाम टाळाटाळ झाली तर त्याचा बचाव काढून टाकण्याचा विचार न्यायालयाने करावा, असे हा निकाल सांगतो. शपथपत्रे आल्यावर चार ते सहा महिन्यांत अंतरिम अर्जाचा निर्णय अपेक्षित आहे.

आपले शपथपत्र पहिल्याच तारखेला तयार ठेवा. त्यासाठी गेल्या तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे, सर्व बँक खात्यांचे उतारे, पगारपत्रके, कर्जाचे हप्ते, विमा, ठेवी, वाहन, घरभाडे, मुलांच्या शाळेच्या पावत्या जमवा. शेती असेल तर सातबारा आणि आठ-अ. स्वतःचे उत्पन्न लपवू नका. शिकवणीचे किंवा शिवणाचे थोडेसे उत्पन्नही लिहा. लपवलेली एक बारीक नोंद उलटतपासणीत उघडी पडली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. दुसऱ्या कुठल्या न्यायालयात पोटगी मंजूर झाली असेल तर तेही सांगायचे असते, म्हणजे एकाच गरजेसाठी दोनदा आकारणी होत नाही.

याच निकालाने ठरवले की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. अर्ज १८ महिने चालला आणि दरमहा १२,००० रुपये मंजूर झाले, तर एकदम २,१६,००० रुपयांची थकबाकी उभी राहते. म्हणजे उशीर करणाऱ्याच्या डोक्यावरही ओझे साठत जाते. मध्यस्थीत हे गणित कागदावर मांडून दाखवले, की ‘बघू, चालू दे दावा’ म्हणणारा माणूस गंभीर होतो. मात्र एक मुदत विसरू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालील पोटगी (१ जुलै २०२४ आधीचे कलम १२५) थकली, तर वॉरंटसाठीचा वसुली अर्ज ती रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात द्यावा लागतो. दोन-तीन महिने थकले की अर्ज टाकून द्या, ‘देईल कधीतरी’ म्हणून थांबू नका.

मुले

इथे उशीर स्वतःच निकाल लावतो. तीन वर्षांचे मूल वर्षभर एका पालकाला भेटलेच नाही, तर न्यायालयासमोर प्रश्न येतो तेव्हा मूल त्या पालकाला ओळखत नसते, आणि मग ‘मूल रमलेले आहे, आहे तिथेच राहू द्या’ हा युक्तिवाद बळकट होतो. कुणाची बाजू खरी होती याला तेव्हा फारसा अर्थ उरत नाही. म्हणून ताब्याचा मुख्य वाद कितीही लांबला तरी भेटीचा अंतरिम आदेश पहिल्या एक-दोन तारखांतच मागा. हिंदू विवाह कायद्याचे कलम २६ किंवा १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचे कलम १२ त्यासाठी आहे. सुरुवातीला न्यायालयाच्या मुलांच्या खोलीत आठवड्याला दोन तास मिळाले, तरी ते घ्या आणि एकही भेट चुकवू नका. भेटीच्या नोंदीच पुढे वेळ वाढवून मागायला उपयोगी पडतात. ज्याच्याकडे मूल आहे त्यानेही ताप आला, परीक्षा आहे अशी कारणे काढून भेटी पाडू नयेत. खरेच आजार असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी द्यावी आणि बदली दिवस त्याच संदेशात कळवावा.

तडजोडीचा मसुदा

मध्यस्थीत होकार आला की सगळ्यांना घाई होते, आणि इथेच पुढच्या भांडणाचे बी पेरले जाते. ‘पती योग्य ती रक्कम देईल’, ‘सोयीनुसार मुलाला भेटेल’ अशी वाक्ये मसुद्यात येऊ देऊ नका. त्यांची अंमलबजावणी कुणीच करू शकत नाही.

रक्कम किती, कोणत्या तारखेला, डिमांड ड्राफ्टने की खात्यात, आणि कोणत्या टप्प्याला किती, हे लिहा. उदाहरणार्थ, संमतीच्या घटस्फोटात न्यायालय दोनदा जबाब घेते, तर एक तृतीयांश पहिल्या जबाबाच्या वेळी, एक तृतीयांश दुसऱ्या जबाबाच्या वेळी, उरलेली फौजदारी खटला रद्द झाल्यावर. पैसे आधी की सही आधी यावर अडले, तर ड्राफ्ट न्यायालयात जमा करून निकालानंतर उचलायची सोय ठेवता येते. स्त्रीधनाची यादी वजनासह जोडा आणि ते कुठे, कुणासमोर परत करायचे ते ठरवा. फ्लॅट नावावर करायचा असेल तर कोणता दस्त करायचा, मुद्रांक शुल्क कोण भरणार, बँकेचे कर्ज असेल तर बँकेची संमती कोण आणणार, हेही. मुलांबाबत कोणते शनिवार-रविवार, किती वाजता, कुठून घ्यायचे, दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीची वाटणी, व्हिडिओ कॉल, पासपोर्टवरची सही, शाळा बदलण्याचा निर्णय आणि फीचा वाटा, सगळे एकेक करून. आपली एकरकमी पोटगी घेताना मुलाची पोटगीही ‘सोडली’ असे आईकडून लिहून घेतात. तो हक्क मुलाचा आहे, आईला तो सोडता येत नाही.

शेवटी, चालू असलेल्या प्रत्येक प्रकरणाचा क्रमांक घाला. घटस्फोट कौटुंबिक न्यायालयात, हिंसाचाराचा अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे, छळाचा गुन्हा तिसरीकडे, असे एका जोडप्याचे तीन-चार खटले सहज असतात. मध्यस्थीची खरी ताकद ही की हे सगळे एका कागदावर संपू शकतात, एरवी प्रत्येकाची तारीख वेगळी. पण छळाचा हा गुन्हा (जुन्या दंड संहितेचे कलम ४९८अ, नव्या न्याय संहितेत कलम ८५) केवळ पक्षकारांच्या समझोत्याने मागे घेता येत नाही. तो रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात दोघांनी जावे लागते. त्या अर्जावर कोण, किती दिवसांत सही करेल, हे मसुद्यात नसेल तर पैसे देऊनही खटला डोक्यावर राहतो.

संमतीचा घटस्फोट

मध्यस्थीचा करार लग्न संपवत नाही. ते न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच संपते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. अर्ज दिल्यापासून सहा महिन्यांनी आणि १८ महिन्यांच्या आत दुसरा जबाब होतो. आधीचा लढवलेला दावा चालू असेल तर नवा दावा न टाकता तोच संमतीच्या अर्जात बदलून मागता येतो. विशेष विवाह कायद्यात याच धर्तीचे कलम २८ आहे.

सहा महिन्यांचे थांबणे टळू शकते. १२ सप्टेंबर २०१७ च्या अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालाने चार गोष्टी पाहायला सांगितल्या: एक वर्ष आणि वरचे सहा महिने, म्हणजे एकूण दीड वर्षाचा विभक्त काळ पहिल्या अर्जाआधीच झालेला असणे, समेटाचे प्रयत्न फसलेले असणे, पोटगी-ताबा-इतर वाद खरोखर मिटलेले असणे, आणि थांबण्याने फक्त यातना वाढणार असणे. सूट मागणारा अर्ज पहिल्या जबाबानंतर एका आठवड्याने देता येतो. मध्यस्थीचा नेटका करारनामा जोडलेला असेल तर यातल्या दोन अटींचा पुरावा हाताशीच असतो. हेही ध्यानात ठेवा की हुकूमनामा होईपर्यंत दोघांची संमती टिकून असावी लागते, एकाने ती मागे घेतली तर अर्ज पडतो. मोठी रक्कम एकदम आधीच हातात देऊ नये ती यासाठी.

मध्यस्थी फसली तर

फाइल परत येते आणि नुसतीच ‘पुढील तारीख’ पडते. त्या दिवशी पुढची पायरी नेमून मागा. समोरच्याचे उत्तर, म्हणजे लेखी कैफियत, आली नसेल (मुदत ३० दिवस, फार तर ९०) तर कैफियतीशिवाय पुढे जाण्याचा आदेश, आली असेल तर मुद्दे काढणे (निकालासाठी वादाचे प्रश्न ठरवणे), मुद्दे निघाले असतील तर सरतपासणीच्या (साक्षीदाराच्या स्वतःच्या साक्षीच्या) शपथपत्राची तारीख. व्हॉट्सअॅपचे संदेश पुराव्यात द्यायचे असतील तर २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र आत्ताच तयार करा. ऐन साक्षीच्या दिवशी ते नसले की आणखी एक तारीख जाते. दिवाणी संहितेचा आदेश १७ एका बाजूला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये असे सांगतो. समोरच्याची प्रत्येक तहकुबी कारणासह रोजनाम्यात येऊ द्या, तुमची हजेरीही, आणि तिसऱ्यांदा खर्चाचा आदेश मागा. ई-कोर्ट्सच्या अॅपवर दाव्याचा १६ अक्षरी सीएनआर (ओळख) क्रमांक टाकला की टप्पा आणि पुढची तारीख दिसते. लहान मूल, आजारपण, परदेशातली नोकरी अशी खरी निकड असेल तर लवकर सुनावणीचा अर्ज कागदांसह द्या. तरीही फाइल हलत नसेल तर ठरावीक मुदतीत निकाल देण्याचे निर्देश उच्च न्यायालयाकडे मागता येतात, आणि तिथे हाच स्वच्छ रोजनामा तुमच्या बाजूने बोलतो.

वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. जाताना ओळखपत्र आणि तुमच्याकडे असलेले समन्स किंवा अर्जाची प्रत बरोबर ठेवा.